फ्यूजच्या जागी जाड तार

सेकंड इयरला आमच्या विंगचा फ्यूज रोज उडायचा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं : खोल्याखोल्यांत चोरून लावलेल्या हीटरच्या कॉइल! शेवटी एका महाशयांनी (नाव सांगत नाही, आता ते इंजिनिअर आहेत) फ्यूज वायरऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळली. फ्यूज उडायचा थांबला. महिन्याभरात भिंतीतलं वायरिंगच जळालं.

लायब्ररीत पाकिस्तानचा इतिहास वाचताना मला हे सारखं आठवत होतं. १९५८ साली तिथे लष्कराने दार तोडून सत्ता घेतली असं आपण समजतो. पण मित्रांनो, कडी आतल्यांनीच काढून ठेवली होती.

१९५३ च्या अहमदियाविरोधी दंगलीत लाहोर मार्शल लॉखाली गेलं. लष्कराने दंगल मोडली, वर शहराची साफसफाईही केली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी संविधान सभा बरखास्त केली आणि सरसेनापती अयुब खान यांना, ते पद न सोडताच, संरक्षणमंत्री केलं. म्हणजे ज्याच्यावर देखरेख ठेवायची, तोच देखरेख करणारा! सभेचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान सिंधच्या कोर्टात जिंकले. पण १९५५ मध्ये न्या. मुनीर यांच्या फेडरल कोर्टाने तो निकाल फिरवला. मुद्दा काय, तर संबंधित कायद्यावर गव्हर्नर जनरलची संमती नव्हती. १९५१ मध्ये लियाकत अलींची हत्या झाल्यापासून १९५८ पर्यंत सहा पंतप्रधान झाले, सरसेनापती मात्र एकच.

७ ऑक्टोबर १९५८ ला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी स्वतःच राज्यघटना रद्द केली आणि अयुबना मार्शल लॉ प्रशासक नेमलं. वीस दिवसांनी अयुबनी मिर्झांनाच हाकललं. त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने (पुन्हा मुनीरच!) डोसो खटल्यात यशस्वी झालेलं बंड कायदेशीर ठरवलं.

आपल्याकडे १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामच रद्द झालं, तिन्ही दलांचे प्रमुख वेगळे राहिले. तरी फार टेंभा मिरवू नये. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येत नाही, हा १९७६ चा निकाल आपल्याच सुप्रीम कोर्टाचा.

डोसोचा निकाल पाकिस्तानी कोर्टाने १९७२ मध्ये चुकीचा ठरवला. तोवर अयुब आणि याह्या दोघेही पायउतार झाले होते. १९७७ मध्ये झिया आले, तेव्हा त्याच कोर्टाने 'गरज' म्हणून त्यांनाही मान्यता दिली.