रमाबाईंनाही शंका होत्या का?

प्रश्न : आमच्या केजमध्ये रविवारी प्रार्थनेला मोजकीच घरं जमतात. दसरा-दिवाळी झाली की त्यातली काही ऊसतोडीला जातात. मागच्या हंगामाहून परतलेला आमच्यातला एक भाऊ आता प्रार्थनेला येतच नाही. "माझं कोण ऐकतंय?" म्हणतो. त्याच्यापुढे काय बोलावं सुचत नाही, आणि खरं सांगते, त्याचं ऐकून माझंही मन हलतं. पंडिता रमाबाईंनाही ख्रिस्ती झाल्यावर शंका होत्या, असं ऐकलं. हे खरं का? त्यांना कोणी सावरलं?
– एक भगिनी, केज, जि. बीड

उत्तर : खरं आहे, ताई. आणि त्या शंका चार दिवसांत मिटल्या नाहीत.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या दोन वर्षांत, ज्यांनी त्यांना विश्वासात आणलं त्यांच्याशीच त्यांचे वाद झाले. त्रैक्य कसं मानायचं? शास्त्रात मला जे दिसत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून का स्वीकारायचं? एका पुरोहितशाहीतून सुटून आलेली ही बाई दुसरीच्या हाती मान द्यायला तयार नव्हती. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांची रमाबाईंवर माया होती, पण या प्रश्नांत त्यांना गर्व दिसला. रमाबाई शाकाहारी राहिल्या, त्याचाही दोष निघाला.

याच काळात रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात होत्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी रमाबाईंच्या शंकेला बंड मानलं नाही, शंकाच मानलं. सवडीने बसून सविस्तर उत्तरं लिहिली आणि पटलं नाही तर पुन्हा लिहिली. हिला नुसत्या अधिकाराने काही पटायचं नाही, हिला विचारू द्या, असं त्या इतरांनाही सांगत. बीलबाई स्वतः शंकेच्या अंधारातून गेलेल्या होत्या. मला वाटतं, म्हणूनच त्यांना समोरच्या अंधाराची भीती वाटली नाही. हा सगळा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली छापला आहे. मिळाला तर जरूर वाचा.

पत्रांनीही सगळं सुटलं नाही. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. म्हणजे १८९१ साल आलं. आता मधल्या वर्षांकडे बघा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं, ते या आठ वर्षांच्या पोटातच. मनात सगळं जागेवर बसण्याची वाट बघत त्या थांबल्या नाहीत. तुमचं मन हलतं म्हणता ना, ताई, त्याला मी अविश्वास म्हणणार नाही. हलत्या मनानेही तुम्ही त्या भावाची काळजी करता आहात.

योहानाच्या शुभवर्तमानातला थोमा आठवा. खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मी मानणार नाही, असं त्याने तोंडावर सांगितलं. आणि आठ दिवसांनी शिष्य पुन्हा जमले तेव्हा थोमा कुठे होता? त्यांच्यातच, त्याच घरात. न मानणाऱ्याला त्यांनी आठ दिवस आपल्यात ठेवलं. प्रभू आला तेव्हा तो तिथे होता, तो त्यामुळेच.

माझी आई गेली त्या वर्षी मी प्रार्थना सोडली होती. घरी येणारे सगळे मला वचनं वाचून दाखवत, आणि ते गेले की मी दाराला कडी लावून घेई. मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई मात्र दर गुरुवारी पिठलं-भाकरीचा डबा घेऊन येत. मी जेवेपर्यंत पाय पसरून बसत, माझ्या आईच्या हातच्या लोणच्याचं काही सांगत, आणि रिकामा डबा पदराने पुसून घेऊन जात. चर्चचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. पुढच्या नाताळला मी गेले, तेव्हा त्यांनी बाकावर सरकून जागा केली, एवढंच.

आता तुमच्या भावाकडे येते. "माझं कोण ऐकतंय?" हे तो देवाला म्हणतो, मुकादमाला म्हणतो की तुम्हा-आम्हाला? आधी ते ऐका. तोडीवर रविवार नसतो. गाडी लागली की रात्री-अपरात्री मोळ्या डोक्यावर घेऊन भरायच्या, आणि उचल अंगावर असली की आजारालाही सुट्टी नाही. पाच-सहा महिने तो कोपीत राहिला. त्या दिवसांत मंडळीतल्या किती जणांनी त्याला फोन केला? तो आत्ता दूर गेला असं तुम्हाला वाटतं. कदाचित तिथेच एकटा पडला असेल.

म्हणून त्याला प्रार्थनेचं आमंत्रण देण्याआधी घरी जा. उचल फिटली का, कंबर कशी आहे, मुलांची शाळा किती बुडाली, हे विचारा. त्याने देवाबद्दल कडू बोललं तर बोलू द्या. उत्तर ठाऊक नसेल तर मला ठाऊक नाही म्हणा. त्याच्यासाठी प्रार्थना करा, पण ती त्याला ऐकवायची गरज नाही. आणि येत्या दिवाळीनंतर टोळी निघेल तेव्हा कोणत्या कारखान्याला चालला ते विचारून घ्या, त्याचा आणि वहिनींचा नंबर लिहून ठेवा. रविवारी संध्याकाळी तुमची प्रार्थना संपली की फोन लावा. उचलला नाही तर गाडी भरत असेल. सोमवारी पुन्हा लावा.