नवीन कोंबड्या, जुनं खुराडं : परिसर अभ्यास आणि गणिताचा एक जोडपाठ



इयत्ता : तिसरी व चौथी (जोडवर्ग)
विषय : परिसर अभ्यास आणि गणित
कालावधी : साधारण पाच आठवडे, पण रोज पंधराच मिनिटं
साहित्य : वही, खडू, पुठ्ठा, मोजपट्टी आणि शाळेजवळचं कोंबड्या असलेलं एक घर

'काही प्राणी समूहाने राहतात' हे वाक्य आपली मुलं परीक्षेत बरोबर लिहितात. पण समूहानं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? कोण आधी खातं, कोण बाजूला सरकतं, नवीन आलेल्याचं काय होतं? हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही. अंगणातल्या कोंबड्यांवरून कळतं, आणि ग्रामीण शाळेत हे साहित्य फुकट मिळतं.

आमच्या शाळेच्या मागेच एका विद्यार्थिनीचं घर आहे. तिच्या आजीकडे पाच गावठी कोंबड्या होत्या. घरच्यांनी तीन नवीन आणल्या : दोन गिरीराजच्या तलंगा, ज्या आताच गावठी कोंबडीएवढ्या दिसत होत्या, आणि एक कडकनाथचं दीड महिन्याचं पिलू, मुठीपेक्षा थोडं मोठं. गिरीराज ही बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली जात, अंगानं भरदार होते. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, तिला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. एका खुराड्यात तीन मापांचे पक्षी! अंड्यांच्या पैशावर त्या घरातला किराणा बऱ्यापैकी चालतो, त्यामुळे एकही कोंबडी जायबंदी होऊन चालणार नव्हतं. आजींना विचारून हा सगळा काळ आम्ही पाठासाठी वापरला.

आधी उतरंड समजून घेऊ

नवीन पक्षी येण्याआधीचा आठवडा जुन्या पाच जणींचं निरीक्षण करण्यात घालवा. प्रत्येकीला मुलांनी नाव द्यायचं. वहीत पाच ओळी, पाच रकाने. कोणी कोणाला टोचलं की त्या चौकटीत एक रेघ. मूठभर कणी टाकली की दहा मिनिटांत तक्ता भरायला लागतो.

नॉर्वेमधल्या थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे या माणसाला लहानपणापासूनच कोंबड्या बघायचा नाद होता. कोण कोणाला टोचते याच्या तो नोंदी ठेवायचा. पुढे 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं हे शास्त्रीय निबंधात मांडलं, आणि कळपातल्या प्राण्यांचा दर्जाक्रम हा अभ्यासाचा विषय झाला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. आपल्या वहीतला तक्ता म्हणजे 'खरं शास्त्र' आहे म्हटल्यावर रेघा एकदम नीट येऊ लागतात.

आपल्याकडे या क्रमाला उतरंड म्हणता येईल. पण गाडग्यांच्या उतरंडीत मोठं गाडगं खाली आणि लहान वर. कोंबड्यांची उतरंड मापावर ठरत नाही. आमच्या तक्त्यात सगळ्यांत वर निघाली ती अंगानं बारीक, पण वयानं सर्वांत जुनी कोंबडी. आणखी एक गंमत झाली. एक कोंबडी दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीलाच! मुलांना वाटलं आपल्या नोंदी चुकल्या. चुकल्या नव्हत्या. असे त्रिकोण खरोखरच असतात आणि त्या नॉर्वेच्या अभ्यासकालाही ते दिसले होते. मुलांनी खाडाखोड केली तर थांबवा. जे दिसलं तेच लिहायचं.

रेघांचं गणित

हा भाग माझा आवडता. फळ्यावर पाच ठिपके काढा, प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येकाला जोडा. रेघा होतात 10. म्हणजे पाच कोंबड्यांत दहा नाती, आणि ती सगळी आधीच ठरलेली. आता आठ ठिपके. रेघा 28! त्यातल्या जुन्या 10 वजा केल्या, नवीन तिघींच्या आपसातल्या 3 वजा केल्या (त्या वेगळ्या ठेवल्यानं एकमेकींना ओळखू लागलेल्या असतात), तर उरतात 15. ही पंधरा नाती नव्यानं ठरायची असतात. भांडण 'स्वभावामुळे' होत नाही, पंधरा प्रश्न सुटायचे बाकी असतात म्हणून होतं, हे तिसरीच्या मुलांना रेघांवरून बरोबर कळतं.

एकच कोंबडी आणली तर? नवीन रेघा पाचच. मुलं म्हणतात, मग एकच आणावी. इथे थोडं थांबा आणि विचारा, त्या पाचही रेघा कोणाकडे जातात? सगळ्या एकीकडेच. तिघी आल्या तरी प्रत्येक नवीन कोंबडीला पाच जणींशी निपटावं लागतंच, पण जुन्या प्रत्येकीला तिघींकडे लक्ष द्यावं लागतं, पाचही जणी एकीवर तुटून पडत नाहीत. म्हणून जाणकार एकटी कोंबडी कळपात सोडत नाहीत.

लांब, मग शेजारी, मग एकत्र

पहिले तीन आठवडे नवीन पक्षी घराच्या दुसऱ्या बाजूला, पूर्ण वेगळे. त्यांची भांडीही वेगळी. दाणापाणी आधी जुन्यांना, नंतर नव्यांना, मग हात धुणे. मानमोडीसारखा रोग बाहेरून आलेल्या एका पक्ष्यामुळे सगळं खुराडं रिकामं करू शकतो. नवीन पक्षी वरून ठणठणीत दिसला तरी आजार अंगात असू शकतो. लसीकरणाचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. मुलांनी या काळात लांबूनच बघायचं, आजारी पक्ष्याला हात लावायचा नाही. 2006 साली नंदुरबारमधल्या नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ही माहिती हात धुण्याच्या सवयीला जोडून सांगता येते.

चौथ्या आठवड्यात आजींनी डालगी आणली. दिवसा नवीन कोंबड्या अंगणात डालग्याखाली, जुन्या मोकळ्या. दिसतं, आवाज येतो, पण चोच पोचत नाही. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोक्यावरून, तुऱ्यावरून ओळखतात, त्यामुळे ही ओळखपरेड फार कामाची. पहिल्या दिवशी जुन्यांनी डालग्याभोवती मान फुगवून फेऱ्या मारल्या. तीन-चार दिवसांत त्यांचं लक्ष उडालं. ज्यांच्याकडे तारेची जाळी आहे त्यांनी खुराड्याचा एक कोपरा जाळीनं वेगळा केला तरी चालतं.

काही जण नवीन कोंबडी पायाला दोरी लावून खुंटीला बांधतात. हे अजिबात करू नये. कारण समजून घ्या : हरणारी कोंबडी पळून जाते किंवा मान खाली घालून सरकते, म्हणजे 'मी हरले' असं सांगते, आणि भांडण मिटतं. बांधलेली कोंबडी पळूच शकत नाही. जिंकणारीला वाटतं ही अजून समोर उभी आहे, आणि ती टोचतच राहते. अरुंद, कोंदट खुराड्यात हेच होतं. मोठ्या-लहान पक्ष्यांच्या बाबतीत खरा धोका मारामारीचा कमी आणि पळायला जागा नसण्याचा जास्त असतो.

एकत्र सोडताना संध्याकाळी अंगणात सोडा, जागा मोकळी असते आणि लवकरच झोपायची वेळ होते. नंतर अंधार पडल्यावर नवीन कोंबड्या उचलून खुराड्यातल्या काठीवर बसवा. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, भांडण होत नाही. पण रात्री बसवलं म्हणजे काम झालं, हा समज खोटा. खरी परीक्षा पहाटेची. दार उजाडताच उघडायला हवं, नाहीतर पंधरा रेघांचा हिशोब त्या बंद खोक्यात सुरू होतो.

दाण्याची भांडी दोनच्या जागी चार करा, आणि एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही अशी ठेवा : एक तुळशीमागे, एक पायरीच्या आडोशाला. पाण्याचंही तसंच. थोडी टोचाटोची, पाठलाग, एखादं पीस उपटणं चालेल, मध्ये पडू नका. रक्त दिसलं मात्र लगेच ती कोंबडी बाजूला काढा. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचायला येतात. जखम धुऊन, हळद लावून, पूर्ण सुकेपर्यंत ती जाळीआड, पण कळपाच्या नजरेसमोरच. फार दिवस नजरेआड राहिलेली कोंबडी परत आली की तिला नवीनच समजतात.

आणि ते पिलू

गिरीराजच्या दोघी अशा मिसळल्या. कडकनाथचं पिलू या वेळी सोडलं नाही. एवढ्या मापाच्या फरकात एक जोराची टोच पुरे असते. अंगणात खुडूक कोंबडी असती आणि पिलू अगदी एक-दोन दिवसांचं असतं, तर रात्री तिच्या पोटाखाली सरकवता आलं असतं, पुढचं सगळं तिनंच बघितलं असतं. दीड महिन्याच्या पिलाला ही सोय नाही.

त्याच्यासाठी मुलांनी 'लहान दार' बनवलं. पुठ्ठ्याला वेगवेगळ्या मापाची भोकं पाडून, मागे दाणे ठेवून बघितलं : पिलू कोणत्यातून जातं आणि कोंबडी कोणत्यातून जात नाही? आमचं माप 9 सेंटिमीटर रुंदीवर आलं. तेवढं दार ठेवून आजींच्या मुलानं लाकडी खोक्याचा आडोसा केला, आत दाणा-पाणी. पिलू बाहेर येतं, कोणी अंगावर आलं की सुर्रकन आत. कोंबडी दाराशी डोकं घालून बघत राहते! पिलू वाढतं तसं दार दर आठवड्याला मोजून रुंद करावं लागतं. मुलांच्या वहीत तो आलेख आहे.

खाद्याची एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कॅल्शियम खूप असतं, ते पिलांच्या मूत्रपिंडाला बाधतं. सगळे एकत्र चरत असतील तर सगळ्यांनाच वाढीच्या वयाचं ग्रोवर खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंडी देणाऱ्या तो आपणहून खातात.

शिक्षकांसाठी थोडं

आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं वर्गात येतात. या पाठात कोणीतरी मूल ती तुलना करणारच. आमच्या वर्गात एकानं केली : "बाई, मग नवीन पोरांना पण आपण टोचतो का?" मुलांना उत्तर शोधू द्या, पण एका ठिकाणी तुलना तोडायलाच हवी. कोंबड्यांच्या टोचाटोचीत आपण मध्ये पडत नाही, कारण त्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही. 'पोरांचं पोरं बघून घेतील' असं वर्गात म्हणायला या पाठाचा आधार कोणी घेऊ नये. आमच्या मुलांनी स्वतःच्या डोक्यानं एवढंच काढलं की पाण्याच्या एकाच माठापाशी जास्त भांडणं होतात. आता माठ दोन आहेत, व्हरांड्याच्या दोन टोकांना.

मूल्यमापनासाठी मी दोनच प्रश्न ठेवले. पहिला : तीन जुन्या आणि दोन नवीन कोंबड्या असतील तर किती नाती नव्यानं ठरतील? (उत्तर 6, ठिपके काढून दाखवणे आवश्यक.) दुसरा : पिलाचं दार कधी काढून टाकायचं? याला एकच बरोबर उत्तर नाही. एका मुलीनं लिहिलं, "जेव्हा पिलू दार असून पण आत जाणार नाही तेव्हा." तिला पूर्ण गुण दिले.