अँटिबॉडी भरपूर, तरी कोविड कसा?

"अहो डॉक्टर, मला कोविड असूच शकत नाही. हा बघा रिपोर्ट." साठी ओलांडलेल्या काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून लॅबचा जुना कागद काढला. अँटिबॉडी २५०० पेक्षा जास्त, खाली लाल पेनची रेघ. लशीचे दोन डोस, वर बूस्टर, शिवाय २०२२ च्या जानेवारीत कोविड होऊन गेलेला. आता तीन दिवस ताप आणि घसादुखी. तपासणी पॉझिटिव्ह आली, तर काका लॅबवरच चिडले.

हा गैरसमज काही केल्या जात नाही. त्या काळातल्या अँटिबॉडी तपासण्या वुहानमधल्या मूळ विषाणूचं स्पाइक प्रथिन समोर ठेवून केलेल्या. कोव्हिशिल्ड लसही त्याच स्पाइकवर बेतलेली. विषाणू मात्र तिथे थांबला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून ओमिक्रॉन या नव्या व्हेरियंटची खबर आली, तेव्हा त्याच्या स्पाइकमध्ये तीसहून अधिक बदल होते. त्यातले बरेचसे नेमके पेशीला चिकटणाऱ्या भागात, जिथे आपल्या सर्वांत प्रभावी अँटिबॉडी पकड घेतात. पकडच बसत नसेल, तर आकडा कितीही मोठा असला तरी काय उपयोग? २०२३ मधल्या जेएन.१ या व्हेरियंटची गोष्ट तर आणखी नमुनेदार. त्याचा पूर्वज बीए.२.८६ बेताचाच पसरला होता. स्पाइकच्या ४५५व्या जागी एक अमिनो आम्ल बदललं, ल्युसिनच्या जागी सेरिन आलं, आणि काही महिन्यांत जगभर तोच दिसू लागला.

त्यात अँटिबॉडी काही महिन्यांत ओसरतात. त्या मुख्यतः रक्तात असतात, विषाणू शिरतो नाकातून. आणि शरीरालाही जुनी सवय सुटत नाही: नवा व्हेरियंट आला तरी आधी ओळखीच्याच अँटिबॉडी बनवायला घेतं.

"मग लस फुकटच गेली म्हणायची!" छे! लशीने तयार केलेल्या टी-पेशी विषाणूचे अनेक छोटे तुकडे ओळखतात. ते सगळे एकदम बदलणं विषाणूला जमत नाही. म्हणून संसर्ग होतो, पण बहुतेकांमध्ये तो फुप्फुसापर्यंत जात नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. लशीमुळेच व्हेरियंट जन्मले, असं व्हॉट्सअॅपवर सांगणाऱ्यांसाठी एवढंच: अल्फा, बीटा आणि डेल्टा तिन्ही २०२० मध्येच सापडले होते. आपल्याकडे पहिली लस टोचली गेली १६ जानेवारी २०२१ ला.

तेव्हा साठीच्या आतल्या, धडधाकट माणसाने घाबरून जाऊ नये. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती आणि घरात मास्क, बहुतेकांना एवढं पुरतं. काढा आवडत असेल तर प्या, पण त्याने व्हेरियंट पळत नाही.

काकांची गोष्ट वेगळी होती. त्यांना मधुमेह. वर डॉक्टरांची जुनी चिठ्ठी जपून ठेवलेली. तीच दाखवून मेडिकलमधून अॅझिथ्रोमायसिन आणि स्टेरॉइड आणून दोन दिवस घेतलं होतं. साखर ३४० वर! ऑक्सिजन ९७, म्हणजे स्टेरॉइडची काडीचीही गरज नव्हती. ऑक्सिजन उतरलेला नसताना ते घेतलं तर फायदा नाही, उलट विषाणूशी लढणारी ताकद दबते. साखर आणि स्टेरॉइड या जोडीने म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारात किती जणांचे डोळे घेतले, हे आपण इतक्या लवकर विसरलो?

ऑक्सिजन ९४ च्या खाली, जिना चढताना किंवा बोलताना धाप, छातीत दुखणं, चार-पाच दिवसांनंतरही न हटणारा ताप, लघवी कमी होणं, म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं किंवा जेवण सोडणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र काढू नका, रुग्णालय गाठा. मूत्रपिंड बदललेले, केमोथेरपी चालू असलेले, सांधेवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी या लक्षणांची वाटच पाहू नये. ताप आला त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. विषाणूविरोधी औषध पहिल्या पाच दिवसांत सुरू झालं तरच कामाला येतं, आणि ते कुणाला द्यायचं हे अँटिबॉडीच्या आकड्यावरून ठरत नाही.