वेठीचं ओझं आणि शरणपूर
उपवासकाळ मनन : शुक्रवार

वाचन : मार्क १५:२१; २ करिंथ १:३-७



आज शुक्रवार. संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट होईल. पाचव्या स्थानापाशी आपण गुडघे टेकतो, 'शिमोन येशूला क्रूस वाहण्यास मदत करतो' असं म्हणतो आणि सहाव्या स्थानाकडे वळतो. आज तिथेच जरा थांबूया.

मार्क एकाच वचनात शिमोनाची गोष्ट सांगून टाकतो. कुरेने म्हणजे उत्तर आफ्रिका, आजचा लिबिया. हा माणूस शेताकडून येत होता. शिपायांनी त्याला धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर टाकला. मदत करू का, असं त्याने विचारलं नव्हतं. त्याला वेठीला धरलं होतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं दुःख असंच असतं. आईचं आजारपण, गेलेली नोकरी, तुटलेलं लग्न, रात्री झोपू न देणारी भीती. आपण त्यातलं काहीच निवडलेलं नसतं, आपण फक्त वाटेने चाललेलो असतो.

अशा वेळी लोक पटकन म्हणतात, "देवाची काहीतरी योजना असेल." हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उठतो : म्हणजे हे देवानेच केलं का?

उत्तरासाठी आपल्या नाशिकचीच एक गोष्ट पाहूया. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. सिग्नल, दुकानं, क्लासेस. पण शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव, हे किती जणांच्या लक्षात येतं? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने इथे ख्रिस्ती वस्ती उभी केली. तिथे आफ्रिकन मुलांसाठी एक आश्रयगृहही होतं. पूर्व आफ्रिकेतून पळवून, विकून गलबतांत कोंबलेली ही मुलं. ब्रिटिश आरमाराने समुद्रात ती गलबतं अडवली आणि सुटका झालेली काही मुलं गोदाकाठी आली. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. जगाच्या इतिहासात त्यांना 'नाशिक बॉईज' म्हणतात.

त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. हे नावही त्याला नंतर मिळालेलं. १८७२ मध्ये तो आणि नाशिकचे आणखी काही तरुण डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी आफ्रिकेत गेले. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारला. त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने सगळ्यांनी मिळून ते शव हजार मैलांहून अधिक अंतर चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं. आजारपण होतं, वाटेत सोबतीही दगावले. कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी वाटेत भेटला, "इथेच पुरा" म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत चालणाऱ्यांमध्ये जेकब होता.

आता नीट विचार करा. जेकबने जन्मात दोन ओझी वाहिली. पहिलं गुलामगिरीचं, ते त्याच्यावर लादलेलं. दुसरं त्याने स्वतः खांद्यावर घेतलं, आणि "टाकून दे" म्हटल्यावरही टाकलं नाही.

म्हणून मग त्याची गुलामगिरी चांगली ठरते का? मुळीच नाही. लहान लेकराला आईपासून तोडणं हे पाप आहे, ती देवाची योजना नव्हे. योसेफाची गोष्ट आठवा. भावांनी त्याला विकलं. पुढे तो त्यांना क्षमा करतो, पण त्यांनी केलं ते वाईटच होतं हे स्पष्ट सांगतो (उत्पत्ती ५०:२०). वाईटाला तो वाईटच म्हणतो, आणि देव त्या वाईटापाशी थांबला नाही, हेही सांगतो. या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला शिकणं म्हणजेच विश्वास.

पौल करिंथकरांना हेच लिहितो. देव आपलं सांत्वन करतो, ते आपल्यापाशी साठवून ठेवण्यासाठी नाही, तर दुःखात असलेल्या दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी. शरणपुरात ते खरं झालं. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती वसली, तेव्हा तिथे सेवेला नाशिकहून गेलेले आफ्रिकन ख्रिस्ती होते. गलबतातून उतरणाऱ्या घाबरलेल्या लेकराला काय वाटत असेल, हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

जेकबचा शेवट मात्र काही गाजावाजात झाला नाही. १८९२ मध्ये तो पूर्व आफ्रिकेतच वारला. ख्रिस्ताबरोबर ओझं वाहिलं की पुढचं आयुष्य सोपं होतं, असं वचन कुठेही नाही. वचन आहे ते एवढंच की वाटेवर आपण एकटे नसतो. शिमोनाच्या खांद्यावरच्या त्याच क्रुसावर थोड्या वेळाने येशू होता. "का?" हा प्रश्न त्यानेही मोठ्याने विचारला (मार्क १५:३४). तेव्हा तुम्हीही विचारा. उपवासकाळात रडायला मनाई नाही.

आज करून पाहूया

१. तुमच्यावर लादलेल्या एका ओझ्याचं नाव कागदावर लिहा. त्याला गोंडस नाव देऊ नका.

२. त्या दुःखातून जाताना तुमच्यासोबत कोण उभं राहिलं, त्या एका माणसाबद्दल देवाचे आभार माना.

३. तसंच दुःख आज कोण सोसतंय? त्याला किंवा तिला फोन करा. उपदेश नको. "मी आहे" एवढं पुरे.

प्रार्थना

प्रभू येशू, न मागितलेलं ओझं घेऊन मी तुझ्यापाशी आलोय. ते का आलं, मला कळत नाही. पण तू माझ्याबरोबर चालतोस, हे मला विसरू देऊ नकोस. जे सांत्वन मला मिळालं, ते माझ्यापाशी अडकू नये. माझं मन कुणासाठी तरी शरणपूर होऊ दे. आमेन.