ड्रायव्हर ठेवताय? लायसन्स बघा, पण परीक्षा तुम्ही घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण धंद्यातली पहिली गाडी घेण्याचा हिशोब बघितला. छोटा हत्ती की पिकअप, नवी की जुनी, हप्ता किती, डिझेल किती. पण एक खर्च असा आहे जो कुठल्याच कोटेशनमध्ये येत नाही आणि उभा धंदा झोपवायला तो एकटा पुरतो. तो म्हणजे चुकीच्या माणसाच्या हातात दिलेली चावी. आजचा धडा त्याच्यावर. वही-पेन घ्या, कारण शेवटी गृहपाठ आहे.

हा विषय धंद्याचा का आहे?

आपलं वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. एका बाजूला चौफुला, यवत, दुसऱ्या बाजूला पाटस, कुरकुंभ एमआयडीसी. इथं सिमेंट विका, पशुखाद्य विका, दूध गोळा करा नाहीतर गुऱ्हाळाचा गूळ पोचवा, तुमची गाडी रोज या रस्त्यावर येणारच. कंटेनर आहेत, एसटी आहे, आणि हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आहेत.

२०२२ साली देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. हा केंद्र सरकारचा आकडा आहे. त्यातली १५ हजारांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातली. आकडा मोठा असला की मनाला लागत नाही, म्हणून जवळचं सांगतो. जुलै २०१९ मध्ये याच महामार्गावर कदमवाकवस्तीजवळ यवतची नऊ कॉलेजची पोरं एका रात्रीत गेली. त्यानंतर यवतमध्ये काय शांतता होती, ते या भागात कुणाला सांगायला नको.

माणसाच्या जिवाची किंमत हिशोबात धरता येत नाही. पण कुणालाही इजा झाली नाही, नुसती गाडी ठोकली, असं धरलं तरी बघा. समजा गाडी रोज २,००० रुपयांचं काम करते. पंचनामा, विम्याचा सर्व्हे, गॅरेज यात २० दिवस गेले, तर ४०,००० रुपयांचं काम गेलं. हप्ता चालूच. ड्रायव्हरचा पगार चालूच. आणि वीस दिवस माल न मिळालेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं, ते परत येईलच असं नाही.

कायदा मालकाला काय विचारतो?

"गाडी ड्रायव्हरनं ठोकली, माझा काय संबंध?" असं म्हणून चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५ नुसार बिनलायसन्स माणसाला गाडी चालवू न देणं ही मालकाची जबाबदारी आहे. दिली, तर कलम १८० खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला "जा रे, एवढं पोतं टाकून ये" म्हणत असाल, तर कलम १९९अ वाचा. पालक किंवा गाडीमालक म्हणून २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही.

विम्याचंही समजून घ्या. ड्रायव्हरकडे वैध लायसन्स नसेल, तर जखमी माणसाला भरपाई विमा कंपनी देईल, पण नंतर तेच पैसे मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. म्हणजे हप्ता भरूनही तुम्ही उघडेच.

आता यातला सगळ्यात कामाचा मुद्दा. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ऋषी पाल सिंग विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स या खटल्यात निकाल दिला. ड्रायव्हरचं लायसन्स खोटं निघालं होतं. तरी कोर्टानं मालकाकडून वसुली रद्द केली. कारण काय, तर मालकानं लायसन्स बघावं आणि माणसाला गाडी चालवता येते का याची खात्री करावी, एवढी अपेक्षा आहे. प्रत्येक लायसन्स खरं की खोटं हे विचारत त्यानं आरटीओच्या दारात जावं, अशी नाही.

म्हणजे चाचणी घेणं ही सुरक्षिततेची गोष्ट आहे तशीच तुमच्या बचावाचीही आहे. फक्त चाचणी घेतल्याचा कागद तुमच्याकडे पाहिजे.

लायसन्स काय सांगतं, आणि काय नाही?

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी. दौंड तालुक्याचं काम बारामतीच्या एमएच-४२ कार्यालयात चालतं. पुण्यात भोसरीजवळ नाशिक फाट्याला आयडीटीआर ही संस्था आहे, तिथं चारचाकीची चाचणी संगणकीकृत ट्रॅकवर होते. आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर थांबून पुढे निघणं, पार्किंग. सेन्सर आणि कॅमेरे बघतात, त्यामुळे ओळख, वशिला बाजूला राहतो. चाचणी अशीच पाहिजे.

पण विचार करा. ती चाचणी दिवसा, मोकळ्या ट्रॅकवर, रिकाम्या गाडीत होते. तुमचं काम काय? रात्री आठ वाजता, दीड टन माल भरून, पाऊस चालू असताना महामार्गाला लागायचं. या कामाची परीक्षा अजून कुणीच घेतलेली नाही. एसटी महामंडळसुद्धा भरतीत लायसन्सवर भागवत नाही, वाहन चालवण्याची स्वतःची चाचणी घेतं. मग आपण का घेऊ नये?

आपली चाचणी: एक तास, सहा टप्पे

प्रत्येक टप्प्याला १० गुण, एकूण ६०. ४५ च्या खाली चावी द्यायची नाही.

१. कागद. लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख घेऊन परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर तपासा. मुदत, वर्ग, फोटो. गाडीचं मालासकट मंजूर वजन ७,५०० किलोपर्यंत असेल, तर साधं एलएमव्ही लायसन्स मालवाहू गाडीलाही चालतं. ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हे स्पष्ट केलंय. मात्र कुरकुंभच्या कंपन्यांचं घातक रसायन नेणार असाल, तर ड्रायव्हरला वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. झेरॉक्सवर तारीख टाकून सही घ्या.

२. गाडीभोवती फेरी. चावी द्या आणि गप्प उभे राहा. चांगला ड्रायव्हर बसायच्या आधी टायर बघतो, लाईट-इंडिकेटर लावून बघतो, मागचे रिफ्लेक्टर पुसतो. सांगितल्यावर करणाऱ्याला निम्मे गुण.

३. मोकळी जागा. बाजाराच्या मैदानात नाहीतर खळ्यात चार विटा आणि दोन रिकाम्या गोण्या मांडा. रिव्हर्समध्ये त्यांच्या मधून गाडी घ्यायला लावा. चढावर थांबवून पुन्हा काढायला सांगा, गाडी मागे सरकायला नको. याच टप्प्यात दुकानातल्या पोराला त्याच्या मोबाईलवर फोन करायला सांगा. गाडी चालू असताना उचलला, तर चाचणी तिथंच संपली.

४. महामार्ग. सर्व्हिस रोडवरून महामार्गाला लागताना तो आरशात बघतो का? पुढच्या गाडीशी अंतर किती ठेवतो? हे मोजायची सोपी रीत आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा, आपण तिथं पोचेपर्यंत तीन सेकंद झाले पाहिजेत. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंद धरले तर ५० मीटर. आणि पुढचा कट लांब आहे म्हणून उलट्या बाजूनं गाडी घातली, तर सरळ नापास. चर्चा नाही.

५. लोड गाडी. निम्मा माल भरून तोच रस्ता परत. भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं, हे त्याच्या पायाला माहीत आहे का ते बघा. माल नीट बांधला का, कॅरेट हलतात का, हेही बघा.

६. अंधार. संध्याकाळनंतर एक फेरी. समोरून गाडी आली की डिपर देतो का? उसाची बिनदिव्याची ट्रॉली पुढे असू शकते, म्हणून दिव्याच्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवतो का?

तुम्हाला स्वतःला गाडी येत नसेल, तर ओळखीतल्या एखाद्या निवृत्त एसटी ड्रायव्हरकाकांना बसवा, एक तासाचं मानधन द्या. वीस-पंचवीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळतं.

नेमणूक झाली, आता ट्रेनिंग

पहिले १५ दिवस नवीन ड्रायव्हरला रात्रीची फेरी नको. एक छोटी वही करा: निघायची वेळ, पोचायची वेळ, किलोमीटर, गाडीची तक्रार. आठवड्याला दहा मिनिटं बसून ती वाचा. कुठं घासलं, कुठं जोरात ब्रेक मारावा लागला, हे त्यानं न घाबरता सांगितलं पाहिजे. सांगितल्याबद्दल शिवी खाल्ली, तर पुढच्या वेळी तो लपवेल.

आणि मालकांनो, एक कडू गोष्ट. रस्त्यावरची घाई बऱ्याच वेळा दुकानातून निघते. गिऱ्हाईकाला "अर्ध्या तासात पोच" तुम्ही सांगता, उशीर झाला की दर पाच मिनिटांनी फोन तुम्ही करता, फेऱ्या वाढल्या की झोप त्याची कमी होते. गाडी रस्त्यावर असताना फोन करायचा नाही, त्यानं थांबून करायचा, हा नियम दोघांनाही लागू करा. सकाळी पाचला दूध आणायला गेलेला माणूस रात्री नऊला सिमेंट पोचवायला जाता कामा नये.

यातच धंदा दिसतोय का?

ज्यांना मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढायचंय, त्यांनी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम २४ आणि ३१ वाचा. जागा लागते, दोन्हीकडे कंट्रोल असलेली गाडी लागते, पात्र प्रशिक्षक लागतो. खासगी चारचाकीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग किमान १० तास. मोठं करायचं असेल तर जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राची सोय आहे: हलक्या वाहनांसाठी एक एकर जागा, सिम्युलेटर, ट्रॅक, आणि २९ तासांचा कोर्स. तिथून पास झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट मिळते. साध्या स्कूलला ही सूट नाही, ती आहे अशी अफवा २०२४ मध्ये बरीच फिरली होती.

माझं मत सांगतो. "लायसन्स काढून देतो" हा बोर्ड गावोगावी आहे. "गाडी चालवायला शिकवतो" हा बोर्ड लावून तो खरा करणारा कमी सापडतो. दुकानदार, डेअरी, गुऱ्हाळवाले यांच्या ड्रायव्हरची चाचणी घेऊन रिपोर्ट देणारी सेवा सुरू केली, तर वेगळी ओळख होईल.

गृहपाठ

१. सध्याच्या ड्रायव्हरचं लायसन्स आज सारथीवर तपासा.
२. येत्या रविवारी सहा टप्प्यांची चाचणी घ्या, तारखेसह कागदावर गुण लिहा, दोघांची सही करा.
३. कमी गुण पडले तर लगेच काढू नका. कुठं कमी पडला ते शिकवा, १५ दिवसांनी परत चाचणी घ्या.

चांगला ड्रायव्हर महिन्याला दोन हजार जास्त मागत असेल, तर द्या. वरचा २० दिवसांचा हिशोब आठवा, तेवढ्या नुकसानीत त्याचे वीस महिन्यांचे जादा पैसे निघतात. आणि रोज संध्याकाळी गाडी आणि माणूस दोन्ही धड घरी येतात.

पुढच्या भागात गाडीच्या विम्याची पॉलिसी ओळ-ओळ वाचूया. तोपर्यंत काळजी घ्या, धंदा वाढवा.