केस गळतात : काळजी केव्हा करावी?

सकाळी वेणी घालताना फणीत आलेला गुंता पाहून पुष्कळ भगिनींच्या पोटात गोळा येतो. ‘डॉक्टर, केस मुळासकट जाताहेत हो!’ ही तक्रार पुण्यातल्या दवाखान्यांत नेहमीची. गळलेल्या केसाच्या टोकाशी बारीक पांढरा ठिपका दिसतो, त्यालाच आपण मूळ समजतो. खरे मूळ कातडीखाली शाबूत असते आणि त्यातूनच नवा केस उगवतो.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस २ ते ६ वर्षे वाढतो, दोन-तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणे नैसर्गिक होय. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्यांना ते एकदम दिसतात, इतकेच.

पण एकाएकी मूठमूठ केस जाऊ लागले तर? अशा वेळी खापर फुटते ते साबणावर, नाहीतर पाण्यावर. त्याऐवजी दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा. डेंग्यू किंवा टायफॉइड झाला होता का? शस्त्रक्रिया? उपाशी राहून वजन घटवले? अशा धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि नंतर एकदम गळतात. २०२०-२१ मध्ये कोविडमधून उठलेल्या अनेकांनी हे अनुभवले. बाळंतपणानंतरही बाळ हसू-खेळू लागते त्या सुमारास आईचे केस गळतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते.

मात्र सर्वच गळती अशी निरुपद्रवी नसते. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांतील लोकांना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडले. प्रथम संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढलेले आढळले. त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. वेळीच तपासणी झाली म्हणून तर हे उमगले.

तेव्हा पुढील लक्षणे दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे :

१) नाण्याएवढी गोल जागा मोकळी होणे, म्हणजे चाई.
२) भांग रुंदावत जाणे किंवा कपाळ मागे सरकणे.
३) डोक्यात खाज, पू, खपल्या किंवा दुखणे.
४) सहा महिन्यांनंतरही गळती न थांबणे.
५) केसांबरोबर थकवा किंवा पाळीतील अनियमितता.

डॉक्टर गरजेनुसार रक्तातील लोह व थायरॉइड तपासतील. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्यांनी थायरॉइडचा अहवाल चुकू शकतो.

घरी एवढे करा : केस घट्ट आवळून बांधू नका, ओले असताना विंचरू नका, जेवणात डाळी, उसळी, पालेभाज्या ठेवा. महागड्या तेलाने गळालेला केस परत येत नाही. तो येतो आपल्या वेळेने, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर!