नवं कीट घेण्याआधी जुना पिस्टन वाचा

जाम झालेली चेनसॉ घेऊन माणूस दारात आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नवीन कीट कितीला पडेल?" गुजरातमधल्या कामरेजमध्ये शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता माझी बरीच वर्षं गेली, आणि आता मी या प्रश्नाला लगेच उत्तर देत नाही. आधी सायलेन्सर काढतो आणि त्या खिडकीतून पिस्टन बघतो. पिस्टन आपणहून मरत नसतो. त्याला कशाने मारलं हे कळल्याशिवाय नवा टाकला, तर तोही त्याच वाटेने जातो.

आमचा तालुका उसाचा. नवी पारडीचा साखर कारखाना सुरू झाला की डांग, नंदुरबार, धुळ्याकडून तोडकरी येतात, पण त्यांच्या हातात कोयता असतो. चेनसॉ लागते ती बांधावरच्या बाभळीला, पावसाळ्यात आडव्या झालेल्या आंब्याला आणि नीलगिरीला. ही नीलगिरी पुढे सोनगडच्या कागद कारखान्यापर्यंत जाते. शेतकऱ्यांकडची मशीनं बहुतेक जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. कंपनीचं सिलिंडर परवडत नाही, म्हणून बाजारातलं कीट येतं. एका खोक्यात सिलिंडर, पिस्टन, रिंगा, गजन पिन, लॉक आणि गॅस्केट, सगळं मिळतं. किंमत बघून कुणालाही मोह व्हावा अशी असते.

असंच एक ५२ मिमी बोअरचं जुनं मशीन माझ्याकडे आलं. दुसरीकडे त्यात नवं कीट बसवलं होतं. मशीन छान सुरू झालं, मालक खूश झाला. थोड्याच दिवसांत नीलगिरी कापताना त्याचा आवाज आपोआप चढत गेला आणि ते जागीच थांबलं. मालकाचा निष्कर्ष तयार होता: "भाई, माल डुप्लिकेट निघाला."

मी उघडून पाहिलं. पिस्टनची सायलेन्सरकडची बाजू उभ्या रेघांनी सोलून निघाली होती. कार्ब्युरेटरकडची बाजू मात्र इतकी स्वच्छ, की कारखान्यातल्या कातकामाच्या खुणाही दिसत होत्या. मी विचारलं, "दादा, पहिला जुना पिस्टन आहे का?" नशिबाने तो सिलिंडरसकट गोणपाटात पडलेला होता. दोन्ही पिस्टन शेजारी ठेवले. जागा तीच, जखमही तीच. वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले दोन पिस्टन एकाच ठिकाणी सोलले जातात, तेव्हा मूळ दोष मशीनमध्येच शोधावा लागतो.

या खुणा ओळखायला शिकणं हे कुठल्याही कीटपेक्षा मोलाचं आहे. फक्त सायलेन्सरकडे ओरखडे असतील, तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडली आहे, किंवा सिलिंडरचे फिन भुशाने बुजून इंजिन तापलं आहे. चारी बाजूंनी घासलं असेल, तर पेट्रोलमध्ये तेलच नव्हतं किंवा फार कमी होतं. कार्ब्युरेटरच्या बाजूला मळकट, बारीक झीज असेल, तर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. एकाच जागी खोल चर असेल, तर लॉक सुटला किंवा रिंग तुटली.

आमच्या मशीनमध्ये हवा चोरून आत शिरत होती. आवाज आपोआप चढणं हीच त्याची खूण. ती शोधायला दाबाची चाचणी लागते. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरची तोंडं रबर व पट्टीने बंद करायची, हवेची नळी जोडायची आणि सुमारे ०.५ बार दाब भरून साबणाचं पाणी लावायचं. खास पंप नसेल तर रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल चालते. त्यावरचे ३०० मिमी म्हणजे ०.४ बार. दाब टिकला म्हणून लगेच खूश होऊ नका. त्यानंतर उलट हवा ओढूनही बघायला हवं. या मशीनने दाब धरला, पण हवा ओढताच काटा पडू लागला. फ्लायव्हीलकडचं क्रँकचं सील वयाने कडक झालं होतं. आतून दाबलं की ते चिकटायचं आणि ओढलं की ओठ उघडायचे. कार्ब्युरेटरच्या मागच्या रबरी बुटालाही चीर होती. ही दोन रबरं वेळीच बदलली असती तर पहिलं कीटसुद्धा लागलं नसतं.

दुसरी शिकवण त्या गोणपाटातच होती. मालकाने फेकायला काढलेलं मूळ सिलिंडर वाचण्यासारखं होतं. चेनसॉचं सिलिंडर ॲल्युमिनियमचं असतं आणि आतल्या भिंतीवर कठीण धातूचा पातळ थर असतो. माले या जर्मन कंपनीने १९६७ साली वान्केल इंजिनासाठी आणलेला निकासिल, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर, पुढे अशा इंजिनांत खूप वापरला गेला. राजदूतच्या लोखंडी बोअरची सवय असलेला मिस्त्री हे सिलिंडर लेथवर चढवून रिबोअर करायला निघतो. तसं करू नका, थर निघून जातो आणि सिलिंडर कायमचं बाद होतं.

जाम झाल्यावर दिसणारे ओरखडे पुष्कळदा थराचे नसतात. पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम भिंतीला फासलेलं असतं. सिलिंडर इंजिनवरून पूर्ण काढून, उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून कापसाच्या काडीने त्या फासलेल्या जागेवरच हायड्रोक्लोरिक ॲसिड लावायचं. फेस थांबला की पाण्याने आणि खायच्या सोड्याने धुवायचं. मग बारीक पॉलिश पेपर फिरवून नखाने तपासायचं. नख अडकलं नाही तर सिलिंडर वाचलं. थर मुळात उडालेला असेल तर मात्र ॲसिड खालचं ॲल्युमिनियम खातं, तेव्हा ओतायचं कधीच नाही. आम्ही त्या मशीनला मूळ सिलिंडर परत बसवलं, फक्त पिस्टन आणि रिंगा नव्या घेतल्या.

मूळ सिलिंडर खरंच गेलं असेल तर बाजारचं कीट घ्या, पण डोळे उघडे ठेवून. पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा. कड धारदार असेल तर रिंग तिथे अडकते आणि थराचे टवके उडतात. आमच्या मालकाच्या कीटमध्ये सायलेन्सरच्या पोर्टपाशी थर सुटू लागलाच होता, म्हणजे मालही चांगला नव्हता. पण माल चांगला असता तरी हवेने त्याला मारलं असतं. पोर्टच्या आत ओतकामाचे कंगोरे राहिलेत का ते उजेडात बघा. एकटी रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ५२ मिमी बोअरला साधारण ०.२ मिमी हवी. टोकं एकमेकांना टेकत असतील तर गरम झाल्यावर रिंग तुटणारच.

पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे ठेवा. गजन पिनचे लॉक कीटमधले वापरू नका, कंपनीचे घ्या. त्यांची किंमत नगण्य असते आणि एक लॉक सुटला तर सगळं इंजिन जातं. लॉकचं उघडं तोंड वर किंवा खाली हवं, आडवं नको. बसवताना क्रँककेसचं तोंड फडक्याने झाका. सिलिंडर बसल्यावर प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार भिंतीला टेकेपर्यंत आत घाला, फ्लायव्हील हाताने फिरवा आणि दबलेलं टोक मोजा. ते ०.५ मिमीपेक्षा पातळ असेल तर पिस्टन डोक्यावर आपटू शकतो. गॅस्केट बदलावं लागेल.

आता पेट्रोल. पंपावर आज मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी धरतं, जुन्या रबराला त्रास देतं, आणि त्यातल्या ऑक्सिजनमुळे त्याच सेटिंगवर इंजिन कोरडं चालतं. म्हणून जुन्या मशीनच्या कार्ब्युरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगाच्या पेट्रोलचा) थोडा जास्त उघडा ठेवा आणि काम संपलं की टाकी रिकामी करा. कंपनीने सांगितलेलं तेल असेल तर एका लिटरला २० मिली, साधं टू-टी असेल तर ४० मिली. कार्ब्युरेटरचं सेटिंग करताना बार आणि चेन चढवलेली असू द्या. रिकामं पूर्ण रेस केल्यावर आवाज थोडा फाटका, अडखळता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो साफ व्हायला हवा. रिकामं असतानाच आवाज तीक्ष्ण, स्वच्छ येत असेल तर तो ऐकायला गोड वाटतो, पण पेट्रोल कमी पडतंय असा त्याचा अर्थ. तिथेच थांबा.

शेतकरी भावांना माझी एक विनंती आहे. मशीन दुरुस्तीला दिलंत की जुना पिस्टन परत मागा आणि मिस्त्रीला सरळ विचारा, हा कशाने गेला? उत्तर 'जुना झाला होता' एवढंच आलं तर दाबाची चाचणी करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्या मिस्त्री मित्रांनाही सांगणं आहे, की बिलावर कीटच्या किमतीच्या वर बिघाडाचं कारण लिहायची सवय लावा. ते लिहिता आलं, तरच दुरुस्ती पुरी झाली.